आझाद हिंद पलटणीचा म्हणून दाखविला जाणारा एक जर्मन कोट

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतींत एका संग्राहकाच्या कापड-कारखान्यांत प्रस्तुत लेखकास नुकताच एक लष्करी कोट पाहावयास मिळाला. त्यास जोडलेल्या चिठ्ठींत तीन विधानें आहेत: हा कोट दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन सैन्याचा आहे, तो जर्मनींतील आझाद हिंद पलटणींतील एका मराठी शिपायाचा आहे, आणि १९४२ सालीं कोनिग्सब्रुक येथें पलटणीनें शपथ घेतली त्या वेळीं तोच त्याच्या अंगांत होता. शिपायाचें नांवहि चिठ्ठींत आहे. परंतु त्याचे वंशज हयात असतील, म्हणून तें येथें देत नाहीं. संग्राहक हा कोट प्रदर्शनांत मांडूं इच्छितात. तेव्हां आधीं त्याची छाननी होणें अवश्य आहे.

उत्तर आफ्रिकेंत जर्मनांच्या हातीं सांपडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषबाबूंनीं मुख्यतः ही पलटण उभारली. जर्मन लष्करांत ती ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट म्हणून नोंदली गेली. गणवेश जर्मन सैन्याचाच असे. मात्र उजव्या दंडावर भगव्या, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांची, झेपावणाऱ्या वाघाची आणि वर ‘फ्रायेस इंडियन’, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान, अशीं अक्षरें असलेली ढाल शिवलेली असे. ढाल काढल्यास हा कोट इतर असंख्य कोटांहून वेगळा ओळखूं येत नाहीं, आणि ढाल लावल्यास कोणताहि कोट या पलटणीचा म्हणून खपतो. बनावटीचें मूळ नेमकें येथें आहे.

कागदाची परीक्षा करतांना आपण कागद, शाई, वळण, मायना व शिक्का हीं वेगवेगळीं पाहतों. तोच शिरस्ता येथें पाळिला पाहिजे.

प्रथम कापड व बेत. जर्मन सैनिकांच्या कोटाचे नमुने युद्धकाळांत वरचेवर बदलले. १९३६ च्या नमुन्याची कॉलर गर्द हिरवी होती. १९४० पासून ती अंगाच्या कापडाचीच होऊं लागली. १९४२ च्या नमुन्यांत खिशांवरील चुण्या गेल्या. १९४३ च्या नमुन्यांत खिशांचीं झांकणें सरळ कापलेलीं आहेत. १९४४ चा कोट तर कमरेपर्यंतच आला. युद्ध लांबलें तसतशी नवी लोकर कमी होऊन कृत्रिम रेशीम व जुन्या कापडाची पिंजलेली लोकर यांचें प्रमाण वाढलें. प्रस्तुत कोटाचें कापड असेंच मिश्र व खरखरीत आहे. खिशांस चुण्या नाहींत व झांकणें सरळ आहेत. अर्थात् हा १९४३ चा नमुना होय.

दुसरा पुरावा शिक्क्याचा. आंतील अस्तरावर मापांचे पांच आंकडे व त्यांखालीं ‘एम् ४३’ असा ठसा आहे. अक्षर म्यूनिकच्या कपडे-कोठाराचें, आंकडा सालाचा. शिक्केहि बनावट होतात हें खरें. पण चिठ्ठींतील १९४२ सालास खोटें पाडणारा ठसा बनावटखोर आपण होऊन कां उठवील? बेत व शिक्का एकमेकांस दुजोरा देतात; म्हणून दोन्ही विश्वसनीय मानावे लागतात. १९४३ चा कोट १९४२ च्या शपथविधीस हजर असणें अशक्य आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, साल चुकलें असेल, पण शिपायास हा कोट पुढें मिळाला असेल. हा आक्षेप रास्त आहे. त्याचा निर्णय ढालीवर अवलंबून राहतो. जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं तिच्या कडेची शीवण निळसर पांढरी चकाकली. आधुनिक साबणानें धुतलेलें जुनें सूतहि असें चकाकतें, म्हणून एवढ्यावर निकाल देतां येत नाहीं. कारखान्यांतील एका वृद्ध कारागिरानें मालकांच्या संमतीनें शिवणीच्या दोऱ्याचें टोंक ज्योतीस लाविलें. तें सुताप्रमाणें राख न होतां वितळून त्याचा कठीण मणी झाला. दोरा पॉलिएस्टरचा ठरला. या धाग्याचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत लागला व तो बाजारांत आला युद्धानंतर. ढाल मागाहून उसवून पुन्हां शिवली असेल काय, हेंहि पाहिलें. तसें असतें तर जुन्या टांक्यांचीं भोंकें दिसलीं असतीं आणि ढालीखालचें कापड कमी विटलेलें असतें. कड उचलून भिंगांतून पाहिलें असतां भोंकें नाहींत, आणि रंग आंत-बाहेर एकच आहे.

येणेंप्रमाणें निर्णय असा: कोट अस्सल जर्मन व युद्धकालीन, शपथविधीची कथा अग्राह्य, पलटणीशीं संबंध असिद्ध, कारण त्याचा एकमेव पुरावा जी ढाल ती युद्धानंतर लाविलेली आहे.

याचा अर्थ चिठ्ठींतील शिपाई पलटणींत नव्हता, असा मात्र नव्हे. त्याची सेवा कोटावरून सिद्ध होत नाहीं, तशीच ती कोटावरून रद्दहि होत नाहीं. तिचा शोध युद्धकैद्यांच्या याद्या, पलटणीचीं दप्तरें व घरचीं पत्रें यांतच घेतला पाहिजे. उलट, एका खऱ्या माणसाचें नांव खोट्या ढालीस टांगलें, तर ढाल उघडी पडेल त्या दिवशीं लोक त्या माणसासहि खोटा म्हणतील. ढाल कापून टाकूं नये. ती जशी आहे तशी ठेवून चिठ्ठी नव्यानें लिहावी, आणि जुनी चिठ्ठीहि सोबत जपावी, अशी आमची मालकांस विनंती आहे.