लेसर डायोडचा विद्युत्पुरवठा : एका रूढ पद्धतीचे परीक्षण

लेसर डायोडला नियंत्रित प्रवाह पुरविणाऱ्या मंडलाची, म्हणजे ड्रायव्हरची, आखणी करताना पुरवठ्याचे व्होल्टेज आणि उष्णतेचा निचरा हे दोन स्वतंत्र प्रश्न मानण्याचा प्रघात आहे. 12 व्होल्टचा पुरवठा हाताशी असतो म्हणून तोच घ्यावयाचा, आणि ट्रान्झिस्टर तापू लागला की मोठा हीट सिंक व पंखा जोडावयाचा, असा हा क्रम. रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी तर तो तपासून पाहणे विशेष अगत्याचे ठरते.

समजा, 2.2 व्होल्टचा तांबडा डायोड 1 अँपिअर प्रवाहावर चालवावयाचा आहे आणि प्रवाह मोजणाऱ्या रोधकावर 0.1 व्होल्ट खर्ची पडतो. रेषीय मंडलात उरलेले 9.7 व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात व तेथे 9.7 वॅट उष्णता निर्माण होते. ट्रान्झिस्टरपासून हवेपर्यंतचा उष्णतारोध वॅटमागे 5 अंश असल्यास त्याचे तापमान हवेपेक्षा 48 अंशांहून अधिक चढते. पुरवठा 3.3 व्होल्टचा घेतल्यास ही वाढ 5 अंशांवर येते.

सढळ व्होल्टेजाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. डायोडचे व्होल्टेज नगागणिक बदलते व थंडीत वाढते. ट्रान्झिस्टरला पुरेसा वाव न उरल्यास प्रवाहावरील नियंत्रण सुटते. अतिशय अल्पकालिक स्पंदांसाठी तारांच्या प्रवर्तकत्वावर मात करण्यास अधिक व्होल्टेज लागतेच. परंतु हा वाव डायोडच्या कमाल व्होल्टेजावरून गणिताने काढता येतो. वरील उदाहरणात डायोड 2.5 व्होल्टपर्यंत गेला, तरी 3.3 व्होल्टच्या पुरवठ्यात ट्रान्झिस्टरसाठी 0.7 व्होल्ट शिल्लक राहतात.

अर्धवाहक लेसरचा इतिहासच मुळी उष्णतेशी झगडण्याचा आहे. 1962 साली पहिले असे लेसर द्रव नायट्रोजनाच्या थंडाव्यात, स्पंदरूपाने चालले. सामान्य तापमानात ते अखंड चालण्यास 1970 साल उजाडावे लागले. आजही तापमान वाढले की उंबरठा-प्रवाह वाढतो. प्रकाशशक्ती स्थिर राखणारे मंडल मग प्रवाह वाढविते, आणि त्यातून उष्णता आणखी वाढते. म्हणून ट्रान्झिस्टर व डायोड एकाच हीट सिंकवर बसविणे घातक होय.

निर्मात्यांच्या तक्त्यांतील आकडे बहुधा 25 अंशांचे असतात. हवा 30 अंश व आर्द्रता 85 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 27 अंश येतो. अशा पावसाळी दिवशी शीतकाने डायोड 25 अंशांवर आणला की त्याच्या काचेवर दव धरते. त्यासाठी पेटी हवाबंद करावी, तर पंखा निरुपयोगी ठरतो. ती उघडी ठेवावी, तर पंखा खारी, दमट हवाच आत ओढतो.

हा पेच हीट सिंक मोठा करून पुरता सुटत नाही. मुळात उष्णताच कमी निर्माण व्हावी, हाच त्यावरील खरा उपाय. आणि तो पुरवठ्याचे व्होल्टेज ठरविण्याच्या क्षणीच योजावा लागतो. स्विचिंग पद्धतीने व्होल्टेज आधी उतरवून शेवटचे नियंत्रण रेषीय मंडलाकडे ठेवल्यास तरंग व उष्णता दोन्ही आटोक्यात राहतात. उष्णतेचा हिशेब प्रथम आणि मंडलाची आकृती नंतर, हा क्रम किनाऱ्यावरील प्रयोगशाळांनी तरी स्वीकारावयास हवा.