दात्याची कथा आणि मुलाचे नाव

गेल्या पावसाळ्यात आम्ही बुरोंडीस काही कुटुंबांच्या भेटीला गेलो होतो. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या, समुद्र खवळलेला होता. संध्याकाळच्या जपमाळेनंतर मुलांना गोष्ट सांगण्यास सवड मिळाली. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी कसा आसरा दिला, ती गोष्ट आम्ही रंगवून सांगितली. ती संपल्यावर चौथी-पाचवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘फादर, त्या पोरांची नावं काय होती?’’ महाराजांचे नाव, त्यांचे संस्थान, सनावळ्या सारे आम्हांला मुखोद्गत होते. मुलाचे मात्र एकही नाव सांगता आले नाही.

त्या प्रश्नाने आम्हांला डॉ. अनुराधा भट्टाचार्जी यांचे ‘द सेकंड होमलँड’ हे २०१२ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक पुन्हा उघडावयास लावले. भारतात आलेल्या पोलिश निर्वासितांचा हा इतिहास आहे. त्याच्या निमित्ताने, साहाय्याच्या कथा आपण कशा सांगतो, याचाही विचार व्हावा असे वाटते.

प्रथम घटनाक्रम पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत धाडण्यात आले. उपासमारीने आणि रोगांनी आईबाप गेले, मुले उरली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, राजकारण फिरले आणि या कैद्यांना बाहेर पडण्याची वाट मिळाली. मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये इराणमार्गे, क्वेट्ट्यावरून मुंबईस पोहोचली आणि काही काळ वांद्रे येथे राहिली. पुढे जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांची छावणी उभी राहिली. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे याहून कितीतरी मोठी वसाहत वसली. तेथे सुमारे ५,००० पोलिश माणसे राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती.

या दोन छावण्यांपैकी बालाचडीची कथा अधिक गाजली, आणि त्याचे कारण उघड आहे. तिला नायक आहे. तुम्ही आता अनाथ नाही, मीच तुमचा बापू, अशा आशयाचे उद्गार जामसाहेबांनी काढल्याचे त्या मुलांनी जन्मभर सांगितले. वॉर्सा शहरात ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे. जामसाहेबांचा हा गौरव यथायोग्यच आहे. ज्या काळी अनेक देश दारे लावून बसले होते, त्या काळी त्यांनी दार उघडले; आणि संस्थानिकांनी व उद्योगपतींनी त्या मुलांसाठी निधीही दिला.

मात्र चौकातल्या पुतळ्याभोवती कथा फिरू लागली, की मूल हळूहळू पार्श्वभूमीत जाते. ते उपाशी असते, रडते, आणि शेवटी कृतज्ञ होते. त्याला याहून वेगळे काही करण्याची मुभा कथेत नसते. म्हणूनच त्या मुलांच्या आठवणींतला एक लहानसा प्रसंग आम्हांला मोलाचा वाटतो. जेवणात वारंवार येणाऱ्या पालकाच्या भाजीविरुद्ध बालाचडीच्या मुलांनी संप पुकारला, आणि जामसाहेबांनी ती भाजी बंद करविली! मृत्यूच्या दाढेतून आलेले मूल पानातली भाजी नाकारू लागले, याचा अर्थ ते पुन्हा मूल झाले होते. जामसाहेबांचा खरा मोठेपणा आम्हांला त्यांच्या भाषणापेक्षा येथे अधिक जाणवतो.

वळिवड्याच्या कथेला असा एक नायक नाही. कोल्हापूरच्या गादीवर त्या काळी बालराजे होते. वसाहतीचा खर्च मुख्यत्वे लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारकडून येत असे. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि पुढे हा भार आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेला. हिशेब, पत्रव्यवहार, तंटे, परवाने यांतून महाकाव्य निर्माण होत नाही. भट्टाचार्जी यांच्या ग्रंथाचा विशेष गुण हाच, की त्यांनी बालाचडीच्या शेजारी वळिवड्यालाही स्थान दिले, आणि दप्तरखान्यातील कागदांसोबत म्हाताऱ्या झालेल्या ‘मुलां’च्या आठवणीही मांडल्या. त्यांतून ती मुले स्वतः बोलू लागतात.

आणि ती काय सांगतात? वळिवड्यात पोलिश शाळा होत्या, दवाखाना होता, बालवीर पथके होती, नाटके होत. चर्च होते, पोलिश भाषेत उपदेश आणि गीते ऐकू येत. पंचगंगेच्या काठी, उसाच्या मुलखात, ती मुले आपल्या भाषेत प्रार्थना करीत वाढली. अन्नाबरोबरच त्यांना त्यांची भाषा मिळाली. आमच्या मते साहाय्याची खरी कसोटी येथे आहे. पोट भरताना मुलाचे नाव, भाषा, देव आणि स्मृती यांचे आपण काय करतो? आपल्याच संस्थांचा इतिहास तपासताना हा प्रश्न कित्येकदा बोचरा ठरेल. तो टाळू नये.

या कथेच्या सर्वच निवेदकांपुढे आम्हांला आणखी एक शंका मांडावीशी वाटते. ज्या १९४३ साली वळिवडे वसले, त्याच साली बंगालच्या दुष्काळात माणसे तडफडत होती. त्या दुष्काळाने सुमारे ३० लाख बळी घेतले. आदल्या वर्षी ब्रह्मदेशातून लाखो भारतीय जंगलवाटा तुडवीत पायी आले, हजारो वाटेतच गेले. पोलिश मुलांना जे मिळाले त्यातला घासही आम्ही कमी करू इच्छित नाही. पण ‘भारताची करुणा’ असे मोठे शीर्षक देताना ही मुलेही स्मरणात हवीत.

१९४८ मध्ये वळिवड्याची पोलिश वसाहत रिकामी झाली. त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली; आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासित मुलाने सोडलेल्या छपराखाली दुसरे निर्वासित मूल निजले. पहिल्याचे स्मारक आहे. दुसऱ्याची कथा आपण त्या स्मारकापाशी उभे राहून क्वचितच सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या अशा दोन्ही स्मारकांना अभिवादन केले, ते उचितच होते. तथापि स्मारक आपल्याला कौतुकाच्या आरशासमोर उभे करून थांबले, तर त्याचा उपयोग काय?

याच प्रवासावर १९४८ साली एक पोलिश पुस्तक निघाले होते. हांका ओर्दोनुव्ना या सुप्रसिद्ध गायिका-अभिनेत्रीने स्वतः क्षयाने पोखरलेल्या देहानिशी अनाथ मुलांना सांभाळीत तो प्रवास केला, आणि पुढे टोपणनावाने तो लिहून काढला. पुस्तकाचे शीर्षक ‘भटकी मुले’ अशा अर्थाचे आहे. लेखिका प्रसिद्ध, पण मुखपृष्ठावर तिचे खरे नाव नाही. शीर्षकात मुले आहेत. दात्याने कथेत कोठे उभे राहावे, याचा हा धडा आहे.

श्रद्धावंताला हा धडा नवा नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोदाच्या भयाने एक कुटुंब रातोरात मिसरास पळते. तेथे त्यांना कोणी छप्पर दिले, योसेफाच्या हाताला कोणी काम दिले, याविषयी शुभवर्तमानकार अवाक्षर काढीत नाही. तो बोलतो बालकाविषयी, आणि मग त्याच्या आईविषयी. तो अनाम मिसरी यजमान आपल्याला कधी खटकला आहे का? त्याने जे केले ते देवाला ठाऊक आहे. त्याला तेवढे पुरे.

‘युनिसेफ’च्या अंदाजानुसार २०२२ च्या अखेरीस जगात ४ कोटी ३३ लाख मुले घरादाराला मुकलेली होती. युक्रेन, सुदान, गाझा ही नावे आपण मिस्सात विश्वासूंच्या प्रार्थनेत घेतो, पेटीत नाणे टाकतो. ते टाकावेच. परंतु देणगीच्या पावतीवर आपले नाव नीट लिहिले आहे ना, हे पाहताना त्या मुलाचे नाव कोणी विचारले का, हेही पाहावे.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश माणसांच्या कबरी आहेत. पुन्हा त्या बाजूस जाणे झाले की तेथे थांबून दगडांवरची नावे वहीत उतरवून आणावयाची, असे आम्ही ठरविले आहे. उच्चार अवघड आहेत, चुकतील. तरी बुरोंडीच्या त्या मुलीला आम्ही उत्तर देणे लागतो.