नायकाला लागलं पाहिजे

मारामारीचे सिनेमे आवडतात असं चारचौघांत सांगायला एक प्रकारचं धैर्य लागतं. माणूस शिकलेला असला, त्यातून पेन्शनर असला, की त्यानं 'पथेर पांचाली'चं नाव घ्यावं, गेला बाजार 'श्यामची आई' म्हणावं, अशी समाजाची अपेक्षा असते. आम्ही 'मॅड मॅक्स' म्हटलं की ऐकणारा आधी आमच्या तोंडाकडं आणि मग डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडं बघतो. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की ज्याला घरातलं साधं झुरळ मारता येत नाही त्यालाच पडद्यावर माणसं मारलेली आवडतात. मानसशास्त्रात याला काहीतरी भारदस्त नाव असणार. असो.

पण साक्रीत राहून ही आवड जडली नसती तरच नवल. गाव पडलं सुरत-नागपूर हायवेवर. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांना कॅमेऱ्याचे कोन कळतात, आम्हांला गाडी पलटी होण्याचं शास्त्र कळतं. सिनेमातला ट्रक पलटी होताना हवेत दोन कोलांट्या घेतो, आग ओकतो आणि नायकाच्या बरोबर पाठीमागं येऊन पडतो. नायक वळूनसुद्धा बघत नाही. कोंडाईबारीच्या घाटात कांद्याचा ट्रक असला काही चावटपणा करत नाही. भर दुपारी म्हैस बसावी तसा तो एक उसासा टाकून हळूच कुशीवर निजतो. मग बराच वेळ काहीच होत नाही. कांदे तेवढे उताराला लागतात. शेवटी क्लीनर काचेतून बाहेर येतो, आपले हातपाय मोजतो आणि हरवलेली एक चप्पल शोधायला लागतो.

आणि थरारच म्हणाल, तर ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा त्यांची पाती नेणारे ट्रेलर आम्ही पाहिले आहेत. एकेक पातं म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीच्या लांबीचं. ते वळणावर आलं की आजूबाजूचे व्यवहार थांबायचे. एक माणूस पुढं, एक मागं, दोघंही एकदम शिट्ट्या फुंकताहेत आणि ड्रायव्हर दोघांचंही ऐकत नाही. पात्याचं टोक चहाच्या टपरीच्या पत्र्यापासून चार बोटांवर. टपरीवाला गिऱ्हाइकाला सोडून पत्रा धरून उभा, जणू तो धरल्यानं पातं वळणार आहे! अर्धा अर्धा तास हे चालायचं. कुणी मरायचं नाही, काही फुटायचं नाही, आणि बघणाऱ्यांतला एकही माणूस जागचा हलायचा नाही. हिचकॉक असता तर आमच्याशेजारी फूटपाथवर येऊन बसला असता.

आमच्या शेजारचे नाना एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाडी हाकली. हल्ली आम्ही दोघं घरच्याच टीव्हीवर सिनेमे बघतो. नानांची समीक्षा एका प्रश्नात संपते: "लागनं का त्याले?" म्हणजे नायकाला लागलं का? त्याला गुंडानं मारलं, तो चौथ्या मजल्यावरून पडला, काचेतून आरपार गेला, मग त्याला लागलं का? लागलं असेल तर नाना पुढं बघतात. नसेल लागलं तर सुपारी काढतात. आम्ही पुष्कळ समीक्षा वाचली आहे, पण या प्रश्नापलीकडं मारधाडपटाबद्दल कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही. ज्याला लागतच नाही त्याच्या धाडसाचं कौतुक ते काय करायचं? दगडाला पोहायला येत नाही म्हणून आपण त्याची काळजी करतो का?

या परीक्षेत मोठमोठे नापास होतात. 'फास्ट अँड फ्युरिअस'च्या नवव्या भागात, २०२१ साली, मोटार चक्क अवकाशात जाते. नाना एवढंच म्हणाले, "हिले पासिंग कोनी दिनं?" आणि उठून पाणी प्यायला गेले.

उलट 'द डार्क नाइट' (२००८) घ्या. शिकागोच्या रस्त्यावर अठरा चाकांचा ट्रेलर नाकावर उभा राहून पलीकडं पालथा होतो. हे कॉम्प्युटरचं काम नव्हे. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी खरा ट्रक खऱ्या रस्त्यावर खरोखरीच उलथवला. पडण्याआधी तो क्षणभर उभा राहतो, पडावं की नाही याचा विचार केल्यासारखा. वजन म्हणतात ते हे. नाना खुर्चीत ताठ झाले आणि त्यांचा उजवा पाय सतरंजीवर ब्रेक शोधायला लागला. ऑस्कर कमिटीपेक्षा आम्ही त्या पायाला जास्त मानतो.

पण आमचा सर्वांत लाडका सिनेमा म्हणजे 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५). कथा विचाराल तर, एका जुलमी राजाच्या तावडीतून काही बायका ट्रकमधून पळतात, पुढं काहीच उरलं नाही असं कळल्यावर आल्या रस्त्यानं परत फिरतात. संपली कथा. साक्रीहून नवापूरला जावं, तिथं ऑफिसला कुलूप बघावं आणि मिळेल त्या गाडीनं परत यावं, तसलं कथानक. पण त्या जाण्यायेण्यात जो काही प्रकार आहे! नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्या, खऱ्या गाड्या आदळल्या. हलत्या खांबांच्या टोकांवर लोंबकळून माणसं या गाडीतून त्या गाडीवर उतरतात. आणि ट्रक चालवतेय कोण? एक हात नसलेली बाई. चार्लीझ थेरॉन या नटीनं केलेली फ्युरिओसा. नाना अख्ख्या सिनेमात एकदाच बोलले, "गिअर बराबर टाकस!" एस.टी.च्या ड्रायव्हरकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

हे जमलं कसं, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. पीएच.डी.चे नव्हेत, नाडी बघणारे. तरुणपणी सिडनीच्या इस्पितळात त्यांनी अपघाताचे रुग्ण हाताळले होते. गाडी आदळली की माणसाचं काय होतं हे त्यांनी टेबलावर पाहिलेलं. म्हणून त्यांच्या सिनेमात गाडी आदळली की आपल्या बरगडीत कळ येते. सिनेमा आला तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. (हे वाक्य आम्ही घरात मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.) चित्रण झालं सुमारे ४८० तासांचं. ते कापून दोन तासांचं करण्याचं काम मार्गारेट सिक्सेल या त्यांच्या पत्नीनं केलं आणि संकलनाचं ऑस्कर नेलं. महत्त्वाची गोष्ट नेहमी पडद्याच्या मधोमध राहील अशी काळजी घेतल्यामुळं दृश्यं इतक्या झपाट्यानं बदलूनही कोण कुठं आहे हे आपल्याला कळतं. हल्लीच्या पुष्कळ मारामाऱ्यांत कुणाचा हात कुणाच्या कानाखाली बसला हे गुंडालासुद्धा कळत नसावं. नवऱ्यानं घातलेला पसारा आवरणं बायकांना काही नवं नाही, पण त्यासाठी ऑस्कर मिळाल्याचं उदाहरण दुर्मीळ.

'मिशन : इम्पॉसिबल - फॉलआउट'मध्ये (२०१८) टॉम क्रूझ लंडनच्या एका गच्चीवरून दुसरीवर उडी मारतो. ती मारताना त्याचा घोटा खरोखर मोडला होता. गडी उठला, लंगडत कॅमेऱ्यासमोरून गेला, आणि तीच उडी सिनेमात ठेवली. नानांचा प्रश्न विचारायच्या आधीच सुटला.

आता तुम्ही म्हणाल, मग 'आरआरआर' (२०२२) तुम्हांला कसा आवडतो? तिथं तर एक वीर दुसऱ्याला खांद्यावर घेऊन अख्ख्या पलटणीशी लढतो. याचं उत्तर सोपं आहे. तो सिनेमा नव्हे, ते आख्यान आहे. कीर्तनात मारुतीनं द्रोणागिरी उचलला तेव्हा 'कंबर भरली नाही का?' असं कुणी विचारत नाही. मारुतीला ती सवलत आहे. पण जीन पँट घालून मोबाईलवर बोलणाऱ्या नायकानं मारुतीची सवलत मागितली की आमचं डोकं फिरतं.

मराठीत पंचाईत वेगळी. महेश कोठारेंनी १९९० साली 'धडाकेबाज' सिनेमास्कोपमध्ये काढला, तो आम्हांला अजून आवडतो, पण त्यात हाणामारीपेक्षा हसणंच जास्त. 'पावनखिंड'मध्ये (२०२२) बाजीप्रभूंना लागतं, आणि कसं लागतं! मराठी नायकाला लागलेलं बघायचं म्हणजे सतराव्या शतकात जावं लागतं. आजचा मराठी नायक फ्लॅटच्या हप्त्यांशी लढतो, तिथं जखम दिसत नाही.

आणि सगळ्यांत जास्त लागलेला नायक तर आमच्या शेजारीच होता, मालेगावात. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवारी सिनेमा. तिथं शेख नासिर यांनी कॅमेऱ्याच्या क्रेनऐवजी बैलगाडी आणि ट्रॉलीऐवजी सायकल वापरून 'मालेगाव के शोले' काढला, आणि पुढं मालेगावचा सुपरमॅन. त्याच्या खटपटीवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला (२००८). मागावर काम करणारा शफीक त्यात सुपरमॅन झाला. काडीसारखा हडकुळा. अंगावर निळालाल पोशाख, आणि लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. मागं हिरवं कापड लावून त्याला उडवलेला. कापडाला मालेगावात काय तोटा! हॉलिवूडचा सुपरमॅन उडतो तेव्हा आपण निवांत असतो, त्याला काही होणार नाही हे ठाऊक असतं. हा उडतो तेव्हा, अरे, जपून रे बाबा, असं आपसूक तोंडातून निघतं. साहसपटाकडून आणखी काय हवं?

या मंडळींवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा सिनेमाही काढला, २०२५ च्या फेब्रुवारीत तो लागला. चांगला आहे. पण नानांना मी तो न दाखवता आधी मोबाईलवर खरा शफीकच दाखवला. नेहमीचा प्रश्न आला नाही. नाना बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "याले पहिले काई खावाले द्या रे!"

शफीक पुढं कर्करोगानं गेला, हे मी त्यांना सांगितलं. नानांनी मोबाईल माझ्या हातून घेतला, आणि कुठलं बटण दाबायचं ते विचारून तो उडण्याचा प्रवेश पुन्हा पहिल्यापासून लावला.