संदर्भ हवा : मुक्त ज्ञानकोशातील चूक आणि मराठी चिकित्सेची परंपरा

१

कोशातील विधानाचे प्रामाण्य कशावर उभे असते, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा हाताळलेला नाही. कोशवाङ्मय हे समीक्षेचे साधन मानले गेले, विषय मानले गेले नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असो, अथवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश असो. वाचकाने त्यांतील विधान स्वीकारले ते संपादकाच्या आणि नोंदलेखकाच्या अधिकारावर विसंबून. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथांची यादी असते. चूक आढळली तर ती कोणाची हे सांगता येते.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने या व्यवस्थेचा पायाच बदलला. येथे नोंदीला एक लेखक नाही आणि अखेरची आवृत्तीही नाही. कोणीही लिहावे, कोणीही खोडावे, आणि प्रत्येक फेरफार पानाच्या इतिहासात तारीखवार नोंदला जावा, अशी ही रचना आहे. सरावासाठी ‘धूळपाटी’, खलासाठी ‘चावडी’ आणि शंकास्पद विधानापुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण, असा या कोशाचा शब्दव्यवहार आहे. त्यातील शेवटची खूण येथे विचारार्थ घेतली आहे. ‘संदर्भ हवा’ हे दोन शब्द वरकरणी व्यवस्थापकीय आहेत. वस्तुतः ती एक समीक्षात्मक कृती आहे. विधान खोटे आहे असे ती म्हणत नाही. हे विधान कोणाचे आहे, एवढेच ती विचारते.

संहितेच्या अस्थिरतेविषयीची चर्चा परिचित असलेल्या वाचकाला येथे एक शंका येईल. अर्थ निरंतर पुढे ढकलला जात असेल, लेखकाचा अधिकार विसर्जित झालेला असेल, तर ‘चूक’ या शब्दाला काय आधार उरतो? शंका महत्त्वाची आहे, परंतु ती संहितेची अस्थिरता आणि पुराव्याचा अभाव यांत गल्लत करते. मुक्त कोशातील संहिता क्षणोक्षणी बदलू शकते. तरीही तिचा प्रत्येक बदल तपासता येतो. अस्थिर असूनही पडताळणीस खुली अशी ही संहिता आहे. लेखकाचा अधिकार गेल्यावर पुराव्याची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. पूर्वी जे काम नोंदलेखकाच्या नावाने होत असे ते आता प्रत्येक विधानाला स्वतंत्रपणे करावे लागते.

२

हे काम किती अवघड आहे, हे मोठ्या नोंदींपेक्षा लहान नोंदींत अधिक स्पष्ट दिसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोरसारखे गाव त्यासाठी विचारात घ्यावे. मराठी विकिपीडियावरील गावांच्या असंख्य नोंदी एकाच साच्यातून निघालेल्या आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे ओळीने येतात. मथळ्यांखाली पुष्कळदा काहीच नसते, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला लागू पडेल असे एखादे वाक्य असते. असे वाक्य खोटे नसते; पण ते त्या गावाविषयीचेही नसते. निराधार विधानाचा हा सर्वांत निरुपद्रवी वाटणारा आणि म्हणूनच सर्वांत दीर्घायुषी प्रकार होय.

साच्याला स्वतःचा इतिहासही असतो. पिशोरचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. ‘ब्रिटिश काळात’ अशा शब्दांनी सुरू होणारे किंवा १९४७ हे स्वातंत्र्याचे वर्ष गृहीत धरणारे वाक्य पुण्याच्या गावाला जसे लागू पडते तसे येथे पडत नाही. संस्थानी अंमलाची दफ्तरे मोठ्या प्रमाणावर उर्दूत आहेत. त्यामुळे ज्याला केवळ मराठी व इंग्रजी साधने वाचता येतात त्याच्या दुरुस्तीलाही मर्यादा पडते.

नावांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. देवनागरीत ‘कन्नड’ हा तालुकाही आहे आणि भाषाही. उच्चाराने व लेखनाने एकरूप असलेले हे दोन शब्द यांत्रिक दुव्याने जोडले गेले की मराठवाड्यातील गाव कर्नाटकाच्या भाषिक प्रदेशात जाऊन पोहोचते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. आजच्या नोंदीत नवे नाव असणे योग्यच; परंतु ‘औरंगाबाद’ हा शब्द जेथे दिसेल तेथे सरसकट बदलण्याची दुरुस्ती नवी चूक निर्माण करते. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका किंवा जुने गॅझेटिअर ज्या नावाने छापले गेले त्या नावानेच ते ग्रंथालयात सापडते. संदर्भातील नाव बदलले की संदर्भच हरवतो. दुरुस्तीच्या उत्साहात पुराव्याकडे जाणारी वाट पुसली जाते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

३

मुक्त कोशातील दोष स्थूलमानाने तीन वर्गांत मांडता येतात. पहिला, साधी चूक : आकडा, तारीख, अंतर चुकणे. तिची दुरुस्ती सोपी आहे. ‘नेचर’ या नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ नोंदींची तुलना प्रसिद्ध केली; तीत विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी सुमारे चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत सुमारे तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरी या वर्गातील चुका कोणत्याच कोशाला चुकलेल्या नाहीत, एवढे त्यावरून दिसते. दुसरा, निराधार विधान. तिसरा आणि सर्वांत घातक, खोटा आधार : तळटीप आहे, पण तिच्यामागे काही नाही, किंवा ज्या लेखाचा आधार दिला तो लेखच मुळात कोशावरून उतरवलेला आहे. चिनी विकिपीडियावर एका सदस्येने मध्ययुगीन रशियाविषयी रचलेल्या दोनशेहून अधिक कपोलकल्पित नोंदी २०२२ मध्ये उघडकीस आल्या. त्या अनेक वर्षे टिकल्या त्या संदर्भांच्या भारदस्त देखाव्यामुळे. तळटिपांची संख्या मोजून प्रामाण्य ठरत नाही.

तथापि मराठी प्रदेशापुरता कळीचा वर्ग दुसराच आहे, आणि त्याबाबत प्रचलित उपाय अपुरा आहे. निराधार विधान दिसले की काढून टाकावे, हा तो उपाय. जिवंत व्यक्तीविषयीच्या बदनामीकारक मजकुराबाबत तो योग्य आहे. परंतु दंतकथा, स्थलमाहात्म्य आणि परंपरागत समजुती यांच्याबाबत तो हानिकारक ठरतो. पिशोर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील दोन उदाहरणे पाहावीत.

हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील अधिकारी. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक जुने दगडी देऊळ ‘हेमाडपंती’ म्हणजे त्याने बांधलेले, असे गावोगावी सांगितले जाते आणि कोशातही उतरते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहारांच्या काळातील आहे. हेमाद्रीपूर्वी सुमारे दोनशे वर्षे. म्हणजे कर्तृत्वाचे विधान अशा ठिकाणी उघड चुकीचे ठरते. परंतु ‘हेमाडपंती’ हा शब्द बांधणीच्या पद्धतीचे नाव म्हणून मराठीत रूढ झाला आहे, आणि त्या अर्थाने तो नोंदीतून हद्दपार करण्याचे कारण नाही. येथे दुरुस्तीने शब्द राखून त्याचा दावा बदलावा लागतो.

वेरूळच्या कैलास लेण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आठव्या शतकातील कारकीर्दीशी जोडले जाते, ते मुख्यतः बडोदे येथील ताम्रपटाच्या आधाराने. नवव्या शतकाच्या आरंभीच्या या ताम्रपटात एलापूर येथील अद्भुत देवालयाचे श्रेय कृष्णराजाला दिले आहे. दुसरीकडे ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथातील कथा सांगते की, शिखर पाहिल्याविना अन्न न घेण्याचे व्रत राणीने घेतले, आणि पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्याने कळसापासून आरंभ करून देऊळ घडविले. कालनिर्णयासाठी ही कथा निरुपयोगी आहे. तरी हे लेणे वरून खाली कोरले गेले, ही वस्तुस्थिती तिने आपल्या पद्धतीने जपली आहे. केवळ ‘निराधार’ म्हणून ती खोडणारा संपादक चूक काढल्याच्या समाधानात ज्ञानाचा एक थर काढून टाकतो. तिला इतिहासाच्या रकान्यातून उचलून ‘अमुक ग्रंथात अशी कथा आहे’ या रकान्यात ठेवणे ही खरी दुरुस्ती.

निराधार विधानाची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा त्या विधानाची जात बदलणे होय. ‘असे आहे’ याच्या जागी ‘असे अमक्याने अमक्या काळी म्हटले आहे’ येते. विधान त्याच्या धन्याला परत केले जाते.

४

ही पद्धत संगणकाबरोबर मराठीत आलेली नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका लिहून साधनचिकित्सेचा मराठीतील आरंभ केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि प्रस्तावनेत बखरींतील विधाने समकालीन पत्रांशी ताडून पाहिली. त्यामुळे बखरी निकालात निघाल्या नाहीत. त्यांचे स्थान बदलले : घटनेच्या साक्षीदार म्हणून त्या दुबळ्या ठरल्या, उत्तरकालीन स्मृतीच्या साक्षीदार म्हणून मोलाच्या राहिल्या.

ज्यांचे नाव आज या जिल्ह्याला आहे त्या छत्रपती संभाजी महाराजांच्या चरित्राची दुरुस्ती याच मार्गाने झाली. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर १६८९ मधील त्यांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. तिच्यातील प्रतिकूल चित्र नाटक-कादंबऱ्यांतून दृढ होत गेले. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र १९६० मध्ये आणि कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये आला. या ग्रंथांनी समकालीन साधनांच्या बळावर ते चित्र पालटले. त्यांचे सामर्थ्य असे की, चिटणीस काय म्हणतात हे ते लपवीत नाहीत. ते कधी लिहिले, कोणत्या कुळाच्या आठवणीतून लिहिले, हे दाखवून त्याचे वजन ठरवितात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विषयावरील इंग्रजी विकिपीडियाच्या मजकुरावरून महाराष्ट्रात वाद झाला. राज्याच्या सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला मजकूर हटविण्याबाबत नोटीस पाठविली आणि काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. भावना दुखावल्या गेल्या हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने पाहता, आदेशाने काढलेले वाक्य चुकीचे होते की गैरसोयीचे, हे पुढील वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. बेंद्रे यांच्या ग्रंथाचा पृष्ठांकासह दिलेला एक संदर्भ जे साधतो ते नोटिशीने साधत नाही; कारण संदर्भ प्रतिपक्षाला उत्तर देतो, नोटीस त्याला गप्प करते.

५

येथवर मांडलेल्या पद्धतीची मर्यादाही पाहिली पाहिजे. सप्टेंबर २०१२ मध्ये कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी ‘द न्यू यॉर्कर’मधून विकिपीडियाला खुले पत्र लिहिले. त्यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचा नायक अनातोल ब्रॉयार्ड यांच्यावरून बेतलेला आहे, असे सुचविणारे विधान नोंदीत होते. ते चुकीचे असून मूळ प्रसंग मेल्विन ट्यूमिन यांच्या आयुष्यातील आहे, असे खुद्द लेखकाने कळविले. तेव्हा दुय्यम साधनांची मागणी झाली. ‘लेखकाचा मृत्यू’ हा बार्थचा सिद्धान्त कारकुनी नियमाच्या रूपाने अवतरला, असे कोणी गमतीने म्हणेल. पत्र छापले गेल्यावर मात्र ते स्वतःच संदर्भ झाले, आणि ‘रॉथ असे म्हणतात’ या रूपात नोंदीत सामावले. समीक्षकांचा तर्क आणि लेखकाचे निवेदन, दोन्ही आपापल्या धन्याच्या नावावर नोंदले गेले.

रॉथ यांच्यापाशी छापखाना होता. पिशोरच्या म्हाताऱ्या माणसांपाशी तो नाही. गावाचे नाव कसे पडले, बाजार केव्हापासून भरतो, कोणत्या दुष्काळात कोण कोठे गेले, हे जे त्यांना ठाऊक आहे ते छापलेले नाही तोवर कोशाच्या दृष्टीने अस्तित्वात नाही. कोशाने मूळ संशोधन करू नये हा नियम रास्त आहे. तो मोडून हा प्रश्न सुटणार नाही, उलट कपोलकल्पितालाही दार उघडेल. परिणामी गावांच्या नोंदींत विचित्र विषमता दिसते. साच्यातले रिकामे वाक्य टिकते, कारण त्याला कोणी हरकत घेत नाही. खरी स्थानिक माहिती खोडली जाते, कारण तिला तळटीप नाही.

या विषमतेची जबाबदारी विनामोबदला काम करणाऱ्या संपादकांवर ढकलणे सोपे आहे, आणि विद्यापीठीय वर्तुळांत ते नेहमी घडते. विद्यार्थ्यांनी या कोशाचा आधार घेऊ नये असे बजावणारे अध्यापक, त्याच विषयावर आधार घेण्याजोगे मराठीत काय लिहिले गेले आहे, याचा हिशेब क्वचितच देतात. गावनिहाय इतिहास, स्थलनामांची चिकित्सा, संस्थानी दफ्तरांची मराठी सूची, नावगाव-तारखेसह नोंदवून प्रसिद्ध केलेली मौखिक निवेदने : ही कामे कोशाबाहेरची आहेत, आणि ती झाल्याखेरीज कोशातली दुरुस्ती खोडण्यापुरतीच उरते. विधान त्याच्या धन्याला परत करायचे तर धन्याचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे लागते.

‘संदर्भ हवा’ ही खूण वाचकाला सावध करते, एवढाच तिचा अर्थ आजवर घेतला गेला. तिचा रोख मात्र संशोधकाकडे आहे. कीर्तने आणि राजवाडे यांनी ती मागणी परक्या इतिहासकाराकडे आणि जुन्या बखरकाराकडे केली, आणि मग ती स्वतः पुरी करण्यासाठी दफ्तरे उपसली. आज ती मागणी मराठी अभ्यासकांकडेच होत आहे, आणि पिशोरसारख्या प्रत्येक गावाच्या नोंदीपुढे ती तशीच पडून आहे.