पडद्यावरचा तज्ज्ञ आणि हातातली मेणबत्ती

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शिक्षकांसाठी सुरू केलेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण प्रथम समोरासमोर होत असे. कोविडच्या साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून ते ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावर आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. यातले अनेक तास पडद्यासमोर जाणार, तेव्हा ते कसे जातात हे तपासलेच पाहिजे.

गडचिरोलीच्या शिक्षकाला मुंबईचा तज्ज्ञ घरबसल्या ऐकता येतो, हा लाभ लहान नाही. परंतु विज्ञानाच्या ऑनलाइन प्रशिक्षणांचा नेहमीचा क्रम पाहा: व्याख्यान, प्रयोगाची चित्रफीत, पर्यायी प्रश्न आणि प्रमाणपत्र. यात शिक्षकाचा हात कशालाच लागत नाही.

याने काय बिघडते? एक परिचित प्रयोग घेऊ. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. ‘ऑक्सिजन संपला, म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण चित्रफितीसोबत सहज पटते. पण शिक्षकाने स्वतः एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या की पाणी बरेच वर चढलेले दिसते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच! शिवाय पाणी मुख्यतः ज्योत विझताना व विझल्यावर चढते. पेला ठेवताना कधी कधी कडेने बुडबुडेही निघतात. तापून प्रसरण पावलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, हे खरे कारण येथे हाती लागते. तज्ज्ञाची गरज नेमकी अशा वेळी असते. आणि नेमका तेव्हाच तो निघून गेलेला असतो.

दूरस्थ प्रशिक्षणाला प्रत्यक्ष कृतीचे वावडे असतेच असे नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाचे कार्यक्रम सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत पोहोचत होते. त्यात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण दिले गेले. दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य, हाताने करायच्या कृती आणि स्थानिक मार्गदर्शक अशी ती योजना होती. त्या काळी शिक्षकाला पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नव्हता. आज तो येतो, पण आपण त्या सोयीचा उपयोग ‘सर, आवाज येतोय का?’ एवढ्यापुरताच करतो.

आमच्या सूचना साध्या आहेत. व्याख्यान आणि साहित्याची यादी आठवडाभर आधी पाठवावी. केंद्रातल्या पाचसहा शिक्षकांनी एकत्र बसून प्रयोग करावा, फसला तर तसे नोंदवावे. तज्ज्ञाचा थेट वेळ केवळ या नोंदींवरील चर्चेसाठी राखावा. दुसरे सत्र वर्गात प्रयोग करून झाल्यावर घ्यावे आणि प्रमाणपत्र निरीक्षणवहीवर द्यावे.

एक तज्ज्ञ हजार वह्या कशा वाचणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी प्रत्येक गटातल्या एका अनुभवी शिक्षकाने वह्या पाहून मोजके अडलेले प्रश्नच पुढे पाठवावेत. यात श्रोत्यांची संख्या कदाचित घटेल. मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात प्रयोग करणाऱ्यांची वाढेल, आणि प्रशिक्षणाचे यश त्याच आकड्याने मोजायला हवे.