झाकलेले आणि गुप्त : संगणकातील अदृश्य फाइलींविषयी

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास ‘गुप्त’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. भंडाऱ्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या नीळभट्ट भांडारेकारांच्या पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी हाती आली तरी संकेत ठाऊक नसणाऱ्यास ती वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कोठे पंथाबाहेरील अभ्यासकांस हे दालन खुले झाले. आज अशाच पोथ्यांच्या छायाप्रती संशोधक संगणकावर बाळगतो, आणि तेथे त्याची गाठ ‘हिडन’ फाइलींशी पडते. त्यांना आपण सर्रास ‘गुप्त फाइली’ म्हणतो. हे भाषांतर सदोष आहे, आणि हा दोष केवळ शब्दापुरता नाही.

विंडोज प्रणालीत फाइल लपविणे म्हणजे तिच्या नोंदीवर एक खूण करणे, एवढेच. मजकुरातील एक अक्षरही त्याने बदलत नाही. ‘हिडन’ ही एक खूण, ‘सिस्टिम’ ही दुसरी. दोन्ही खुणा असलेली फाइल दिसावी म्हणून आणखी एक निराळा पर्याय बदलावा लागतो. युनिक्समध्ये तर नावाआधीचे टिंब पुरते. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितलेल्या हकीकतीनुसार हा संकेत विचारपूर्वक योजलेला नव्हता. यादीतून दोनच नोंदी वगळावयाच्या होत्या; त्यासाठी केवळ पहिले अक्षर तपासले गेले, आणि टिंबाने आरंभ होणारी प्रत्येक फाइल दृष्टीआड झाली.

या व्यवस्थेचा हेतू रास्त आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रणालीच्या आवश्यक फाइली अजाण हाताने पुसल्या जाऊ नयेत, हा तो हेतू. तथापि वापरणाऱ्याच्या अज्ञानावर उभारलेले संरक्षण त्याच्यावरच उलटते. काही व्हायरस पेन ड्राइव्हमधील फोल्डरांवर याच दोन खुणा करतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतात. संशोधक समजतो की, प्रबंध गेला. आणि हताश होऊन पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतो. वस्तुतः प्रबंध जागच्या जागी असतो. त्याचा घात करतो तो हा शेवटचा उपाय. अशा वेळी शॉर्टकट उघडू नये, प्रथम व्हायरसचा बंदोबस्त करावा, मग लपलेल्या फाइली दाखविणारे पर्याय निवडावे किंवा ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेने खुणा काढाव्या. काम झाल्यावर पर्याय पूर्ववत करावे, आणि ज्या फाइलीचे प्रयोजन कळत नाही ती पुसू नये.

उलटपक्षी, मुलाखत देणाऱ्यांची खाजगी माहिती ‘हिडन’ करून ती सुरक्षित झाली, असे मानणेही तितकेच घातक आहे. तेथे मजकूरच सांकेतिक करावा लागतो. सकळ लिपीशी नाते सांगते ती ही क्रिया. एवंच, ‘हिडन’ला ‘झाकलेली’ म्हणावे. गुप्ताची उकल करावी लागते. झाकलेल्यावरचे वस्त्र उचलले की पुरते.