मोठा डोळा, छोटा डोळा

एन्साइन फुल-व्ह्यू समोर ठेवला की नजर जाते ती त्याच्या दोन डोळ्यांकडे. वरचं भिंग मोठं आणि फुगीर, खालचं त्याच्यापुढे अगदीच बारीक. फोटो वरच्या भिंगातून निघत असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते नुसतं बघण्यासाठी आहे. फिल्मवर चित्र उमटतं ते खालच्या बारक्या भिंगातून. या स्वस्त ब्रिटिश कॅमेऱ्याचं सगळं सौंदर्य या उलट्या मापात आहे.

पहिला फुल-व्ह्यू १९३९चा, साध्या डब्यासारखा. पुढच्याच वर्षी जर्मन बॉम्बहल्ल्यात एन्साइन कंपनीची लंडनच्या हाय होबर्नवरची इमारत उद्ध्वस्त झाली. युद्ध संपल्यावर १९४६मध्ये कॅमेरा परत आला तो कोपरे घासून, खांदे गोल करून. तेव्हा ब्रिटनमध्ये परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे देशी कारखान्यांना काही वर्षं मोकळं रान मिळालं. संग्राहक ज्यांच्या मागे धावतात ते युद्धोत्तर ब्रिटिश कॅमेरे बहुतेक याच काळातले. त्यांत रीड, रेफ्लेक्स यांसारखी मानाची नावं आहेत. फुल-व्ह्यू त्या पंगतीतला नव्हे.

पण तो घेऊन खानदेशातल्या सारंगखेड्याला जावं. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातली की माथ्यावरच्या काचेत घोडा, लगाम धरलेला मालक आणि मागची गर्दी लख्ख दिसते. चित्र सुलटं असतं, फक्त डावं-उजवं बदललेलं. त्यामुळे घोडा उजवीकडे निघाला की काचेत तो डावीकडे जातो आणि त्याला गाठायला निघालेला आपला हात हमखास चुकतो. शटर संथ असल्याने दौडणारा घोडा पुसटच येणार. उभ्या घोड्याची वाट बघावी लागते. हा कॅमेरा घाई करू देत नाही.

आपल्याकडे बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक-३ याच जातीचा: तोच १२० फिल्मचा रोल, तेच बारा चौकोनी फोटो. फरक पवित्र्याचा. क्लिक डोळ्याला लावून समोरच्यावर रोखावा लागतो. फुल-व्ह्यूवाला मान खाली घालून उभा राहतो, म्हणून समोरचा माणूसही सैल होतो. दोन भिंगांत अंतर असल्याने जवळून घेतलेल्या फोटोत डोकं कापलं जाण्याचा धोका मात्र आहे. मोठा डोळा दाखवतो ते सगळंच छोटा डोळा टिपत नाही.

विकत घेताना माथ्यावरच्या काचेखालचा आरसा काळवंडलाय का, भिंगात बुरशी आहे का, शटर अडकतं का, एवढं बघावं. आरसा घासू नये, मुलामा निघतो. मागच्या लाल खिडकीवर काळी पट्टी लावावी. खानदेशातलं ऊन तिथून आत शिरतं.

रीड काचेच्या कपाटात शोभतो. फुल-व्ह्यू कपाटात ठेवणं म्हणजे त्याचा मोठा डोळा मिटणं. १२०चा रोल आजही बनतो. एक भरा आणि यात्रेला या.